वाचकांचे प्रश्न : लोकांनी पाहावे म्हणून केलेली भक्ती

प्रश्न : प्रार्थनासभेत मोठ्याने प्रार्थना करताना माझे अर्धे लक्ष ऐकणाऱ्यांकडे असते. कोणी ‘छान प्रार्थना केलीत’ म्हटले की बरे वाटते, काहीच म्हटले नाही तर खटकते. मोठ्याने प्रार्थना करणे सोडून द्यावे का?

उत्तर : सोडू नका. कौतुक नको म्हणून गप्प बसलात, तरी तुम्ही काय करायचे हे लोकच ठरवणार. बायबलमध्ये, मरण पावलेला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशूने जमलेल्या लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून मोठ्याने प्रार्थना केली (योहान 11:41-42). तेव्हा चारचौघांत आवाज काढणे हा दोष नव्हे. एकांतात कधीच न केलेली विनंती सभेत पहिल्यांदा तोंडातून निघते, तिथे गडबड होते.

म्हणून सभेला निघण्यापूर्वी ज्या दोन-तीन गोष्टी मागायच्या आहेत, त्या घरी एकट्याने मागून घ्या. सभेत तेवढ्याच मागा आणि ‘आमेन’ म्हणा. प्रभूने शिकवलेली प्रार्थना मत्तयाच्या 6व्या अध्यायात अवघ्या पाच वचनांची आहे, तीही लांबलचक बडबडीविरुद्ध इशारा दिल्यानंतर लगेच. दर वाक्याला ‘प्रभू, प्रभू’ येऊ लागले, एरवी न वापरलेले जड शब्द सुचू लागले, की समजावे आता आपण माणसांशी बोलतो आहोत. प्रार्थनेच्या आडून कोणाला टोमणा मारणे तर अगदी टाळा. ‘प्रभू, काही जणांना क्षमा करायला शिकव’ हे देवाला सांगितलेले नसते, समोर बसलेल्याला ऐकवलेले असते.

कौतुक झालेच तर ‘आभारी आहे’ म्हणून विषय बदला. ‘छे, मला कुठे जमते’ असे म्हटले की समोरच्याला दुसऱ्यांदा कौतुक करावे लागते.

प्रश्न : एकांतात प्रार्थनेला बसतो, पण पाच मिनिटांत शब्द संपतात. सभेत मात्र अर्धा तास सहज जातो. काय चुकते?

उत्तर : सभेत इतरांच्या आवाजाचा आधार असतो, एकट्याने बसल्यावर तो जातो. फरक पडणारच. पहिल्याच दिवशी तासभर बसायचे ठरवणारे बहुधा आठवड्याभरात थांबतात. दहा मिनिटे ठरवा, पण वेळ आणि जागा रोज तीच ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत असू द्या. पहिली दोन मिनिटे काही न बोलता बसा. मग बायबलच्या स्तोत्रसंहितेतले एक स्तोत्र हळू आवाजात वाचा. सुरुवातीला 131वे घ्या, ते फक्त तीन वचनांचे आहे आणि विषय गर्व सोडण्याचाच आहे. पुढे 139वे घ्या, त्यात 24 वचने आहेत, ते दोन-तीन दिवसांत विभागा. त्यानंतर तीन-चार मिनिटे स्वतःच्या साध्या शब्दांत बोला, शब्द संपले तर गप्प राहा. शेवटी प्रभूची प्रार्थना म्हणा. महिनाभर हेच करा, वेळ वाढवू नका. आणि आपण असे काही सुरू केले आहे हे या महिन्यात कोणाला सांगू नका. सांगितले की शाबासकी मिळते आणि पुष्कळांचा हुरूप त्या शाबासकीतच संपतो.

प्रश्न : मत्तय 5:16 म्हणते, तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या. 6व्या अध्यायात मात्र दान, प्रार्थना, उपवास गुप्त ठेवा असे आहे. मग नेमके काय करावे?

उत्तर : दोन्ही वचनांचा शेवट वाचा. 5:16 मध्ये लोक तुमची सत्कर्मे पाहून स्वर्गातल्या पित्याचे गौरव करतात. 6:1 मध्ये कर्म लोकांनी पाहावे या हेतूनेच केलेले असते. मनाई त्या हेतूला आहे. राजाशिवाय कोणाचीही प्रार्थना करू नये असा बंदीहुकूम निघाल्यावरही दानीएल पूर्वीप्रमाणेच उघड्या खिडकीपाशी दिवसातून तीनदा प्रार्थना करत राहिला (दानीएल 6:10). त्याने खिडकी दाखवण्यासाठी उघडली नाही आणि भीतीने लावलीही नाही. उलट योहान 12:42-43 मधल्या यहुदी अधिकाऱ्यांनी येशूवर विश्वास ठेवला, पण सभास्थानातून काढतील म्हणून तो बोलून दाखवला नाही. त्यांना माणसांकडचा मान अधिक प्रिय होता. लोकांना दाखवणे आणि लोकांपासून लपवणे, दोन्हींच्या मुळाशी एकच भूक असू शकते. आम्ही सुचवू ते एवढेच : मोह दाखवण्याचा असेल तर लपवा, मोह लपवण्याचा असेल तर उघडपणे करा.

प्रश्न : उपवास गुप्त ठेवायचा, पण घरात जेवायला बोलावतात. खोटे बोलावे का?

उत्तर : खोटे बोलू नका. ‘आज मला नको, तुम्ही जेवून घ्या’ हे खरे आहे आणि पुरेसेही. घरच्यांनी थेट विचारले तर ‘हो, उपवास आहे’ म्हणा आणि कारणांचे व्याख्यान देऊ नका. डोक्याला तेल लाव, तोंड धू, असे प्रभूने सांगितले ते नेहमीसारखे दिसावे म्हणून. त्यामुळे त्या दिवशी मरगळलेला चेहरा, चिडचिड, कामात सूट मागणे, हे सगळे टाळा. चिडचिड फार होत असेल तर उपवास कमी करा, एक जेवण सोडून पाहा.

पाहुणा आला तर? इजिप्तच्या वाळवंटातले संन्यासी पाहुण्याबरोबर जेवण्यासाठी उपवास सोडत, असे ख्रिस्ती संन्यासी जॉन कॅसियन यांनी पाचव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवले आहे. पाहुणचार आज करावा लागतो, उपवास उद्याही करता येतो.

मधुमेहाची औषधे चालू असतील किंवा गर्भारपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि घरातल्या एकाला तरी कल्पना द्या. प्रभूने सांगितलेली गुप्तता या काळजीच्या आड येत नाही.

प्रश्न : राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राख लावून घेणे हे दाखवणे नव्हे का?

उत्तर : कॅथलिक उपासनेत त्याच दिवशी मत्तयाचा 6वा अध्याय वाचला जातो, म्हणजे हा ताण चर्चने डोळ्यांआड केलेला नाही. राख सर्वांना सारखीच लागते, त्यात कोणी वेगळा उठून दिसत नाही. बाहेर पडल्यावर ठेवा किंवा पुसा. तिचा फोटो काढून पाठवू नका.

प्रश्न : कोणाला न सांगता भक्ती करतो, तर आता ‘मी दिखावा करत नाही’ याचाच अभिमान वाटतो.

उत्तर : हे फार जुने दुखणे आहे. वर उल्लेख आलेल्या कॅसियन यांनी आठ दुर्गुणांत पोकळ प्रतिष्ठेला सातवे स्थान दिले आणि तिला कांद्याची उपमा दिली : एक पापुद्रा काढला की खाली दुसरा. चांगल्या कपड्यांचा गर्व जिंकला की साध्या कपड्यांचा येतो. म्हणून ती मुळासकट उपटण्याच्या नादी लागू नका, त्यात दिवसभर स्वतःकडेच पाहत बसाल. विचार आला की ‘प्रभो, मज पाप्यावर दया कर’ एवढे म्हणा आणि हातातले काम पुढे न्या. लूक 18 मधल्या दृष्टान्तातला जकातदारही एवढेच म्हणाला. हा विचार आठवडेच्या आठवडे पाठ सोडत नसेल, तर एका विश्वासू माणसाला, पाळकांना किंवा धर्मगुरूंना, एकदा स्पष्ट सांगा. सगळ्या मंडळीसमोर साक्ष म्हणून सांगू नका.

प्रश्न : दान निनावीच द्यावे का? खजिनदाराला तर नाव कळतेच.

उत्तर : हिशेबासाठी खजिनदाराला कळणे योग्यच आहे, पैशाचा व्यवहार स्वच्छ राहतो. रक्कम महिन्याच्या सुरुवातीला ठरवून बंद पाकिटात ठेवा, म्हणजे पेटी समोर आल्यावर शेजाऱ्याकडे पाहून आकडा बदलत नाही. देणगीदारांची यादी वाचून दाखवणार असतील तर नाव न वाचण्याची विनंती आधीच करा. आणि जेवढे दिले तेवढेच दिले म्हणा. प्रेषितांच्या कृत्यांच्या 5व्या अध्यायात प्रेषित पेत्र, शेत विकून मंडळीला पैसे आणून देणाऱ्या हनन्याला सांगतो की शेत विकल्यावरही पैसे तुझेच होते. काही भाग राखून ठेवणे हा त्याचा गुन्हा नव्हता, राखलेले लपवून सगळे दिल्याचे भासवणे हा होता.