कार्ड स्कॅनिंगपासून वाचवणारं स्लिम पाकीट पुण्यात घ्यायचं आहे, काय बघावं?

आधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचं 'टॅप' (मशीनला नुसतं टेकवून पैसे देण्याची सोय) बंद करा. फुकटात अर्धं काम होतं. चालू ठेवलंत तर 5,000 रुपयांपर्यंत पिन लागत नाही, पण कार्ड मशीनपासून चार-पाच सेंटीमीटरवर यावं लागतं, त्यामुळे उगाच धास्ती नको.

पाकीट लक्ष्मी रोडवर घ्या नाहीतर ऑनलाइन, 'आरएफआयडी' (म्हणजे रेडिओ लहरींनी कार्ड वाचणं अडवणारं अस्तर) छापलंय म्हणून भुलू नका. ओळखीच्या दुकानात टॅप तेवढ्यापुरतं चालू करून, कार्ड आत ठेवून पाकीट स्वाइप मशीनला टेकवा. पेमेंट झालं तर अस्तर नावापुरतंच!

मेट्रोचं कार्ड मात्र बाहेरच्या, अस्तर नसलेल्या कप्प्यात हवं. नाहीतर गेटवर पाकीट उघडून शोधाशोध, आणि मागची रांग पुणेरी आहे. चार-सहा कार्डांपुरतं, पुढच्या खिशात मावेल असं घ्या.