आजींचा टॅब आणि साठ वर्षांचा हिशोब

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन पत्रं एकाच विषयावरची निघाली, फुकट ई-पुस्तकं कुठे वाचायची, म्हणून तिन्ही इथे एकत्रच घेतेय. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय कारण त्यातला प्रश्न खूप घरांत आहे, फक्त कुणी विचारत नाही.

प्रश्न : मी गिरगावात राहते, वय ६९, शाळेत शिक्षिका होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून बारीक छपाई वाचवत नाही आणि चाळीतल्या दोन खोल्यांत पुस्तकं ठेवायला जागाही उरली नाही. मुलाने टॅब आणून दिलाय. नातू म्हणतो, आजी टेलिग्रामवर ग्रुप आहेत, नाव टाकलं की पाच मिनिटांत पीडीएफ येते. त्याने मला पु. ल., फडके, खांडेकर असं बरंच काही उतरवून दिलं. वाचायला घेतलं, पण मनाला खटकतं. हे बरोबर आहे का? नसेल तर पेन्शनीत बसेल असं वाचायचं कुठे?
— एक निवृत्त शिक्षिका, गिरगाव

उत्तर : बाई (शिक्षिका म्हटल्यावर तोंडात हेच येतं), तुम्हाला खटकलं ते बरोबरच खटकलं. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे आणि त्यातला हिशोब तुमच्या चौथीतल्या मुलांनाही जमेल इतका सोपा आहे. लेखक ज्या वर्षी गेला त्याच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची, तेवढी वर्षं पुस्तकाचा हक्क त्याच्या वारसांचा किंवा त्यांनी ज्याला दिला त्याचा. ती संपली की पुस्तक सगळ्यांचं. आधी ही मुदत ५० वर्षांची होती, रवींद्रनाथ ठाकूर १९४१ ला गेले, त्यांचे हक्क संपायची वेळ आली तेव्हा १९९२ मध्ये ती ६० केली.

आता हा हिशोब नातवाने दिलेल्या पुस्तकांना लावून बघा. पु. ल. गेले २००० साली, म्हणजे २०६० संपेपर्यंत हक्क आहे. खांडेकर १९७६ ला गेले, २०३६ संपेपर्यंत. ना. सी. फडके १९७८, म्हणजे २०३८. अत्रे १९६९ ला गेले, ते २०३० च्या १ जानेवारीला मोकळे होतील. म्हणजे नातवाने आणलेलं जवळजवळ सगळंच कुणीतरी घरी स्कॅन करून सोडून दिलेलं आहे. नातवाला रागावू नका, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. पण माझ्या एका मैत्रिणीचं सांगते, पाच वर्षं खपून तिने पहिलं पुस्तक लिहिलं आणि ते आल्यावर दोन महिन्यांत तिच्याच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याची पीडीएफ आली, खाली कुणीतरी मनापासून लिहिलेलं, 'फारच सुंदर, सगळ्यांनी वाचा.' ती बराच वेळ फोन हातात धरून बसली होती. दुसरी आवृत्ती निघालीच नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती मुळात किती लहान असते ते तुम्हाला माहितीय, तिथे शंभर दीडशे गिऱ्हाईकं कमी झाली तरी लागतं.

आता मोकळं काय आहे ते बघा, आणि खरंच खूप आहे. साने गुरुजी जून १९५० ला गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून त्यांचं त्यांच्या हयातीत छापलेलं सगळं लिखाण मोकळं. ह. ना. आपटे आणि गडकरी दोघंही १९१९ ला गेले, केशवसुत १९०५, बालकवी १९१८, लोकमान्य टिळक १९२०, इतिहासाचार्य राजवाडे १९२६, महात्मा फुले तर १८९०. मर्ढेकर आणि बाबासाहेब आंबेडकर दोघंही १९५६ ला गेले, त्यांचं हयातीत छापलेलं लिखाण २०१७ पासून मोकळं. बहिणाबाईंची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्या १९५१ ला गेल्या पण कविता छापून आल्या १९५२ मध्ये, आणि लेखक गेल्यावर पहिल्यांदा छापलेल्या लिखाणाची ६० वर्षं छापल्यापासून मोजतात. तरी तीही केव्हाच संपली. एक मात्र लक्षात ठेवा, जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीला आजच्या कुणाची प्रस्तावना किंवा टीपा असतील तर तेवढा भाग त्या माणसाचा असतो, आणि भाषांतर असेल तर भाषांतरकाराची ६० वर्षं वेगळी मोजायची.

ही पुस्तकं मिळतात कुठे? तुमच्या डोळ्यांचा विचार करून मी पहिलं नाव मराठी विकिस्रोतचं घेईन. तिथे हक्क संपलेली पुस्तकं लोकांनी स्वतः बसून टाईप केलेली, तपासलेली आहेत, स्कॅनचा फोटो नाही, खरा मजकूर आहे, त्यामुळे अक्षर पाहिजे तेवढं मोठं होतं आणि ओळी आपोआप खाली सरकतात. तिथून ईपब नावाच्या प्रकारात पुस्तक उतरवून घ्या. पीडीएफमध्ये पान जसंच्या तसं चिकटलेलं असतं, मोठं केलं की ओळ टॅबच्या बाहेर जाते आणि बोटाने डावीकडे उजवीकडे सरकवत बसावं लागतं, मोतीबिंदूनंतर तर त्याने डोकंच दुखतं. ईपबमध्ये ती कटकट नाही. डोळे दमले की टॅबला मराठीत मोठ्याने वाचायलाही लावता येतं, नातवाला सांगा सेटिंग करून द्यायला, त्याचं टॅबवरचं कौशल्य इकडे वापरू दे. स्कॅनचा नुसता फोटो असेल तर टॅबला तो वाचता येत नाही. आणि बाई, तुम्हाला जमेल असं एक काम पण आहे तिथे. प्रत्येक पानाला रंग असतो, लाल म्हणजे अजून तपासलेलं नाही, पिवळं म्हणजे एकदा तपासलं, हिरवं म्हणजे दुसऱ्या माणसानेही बघितलं. ऱ्हस्वदीर्घ तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाची तिथे फार गरज आहे.

दुसरं, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ. १९६० मध्ये स्थापन झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पहिले अध्यक्ष, आणि मंडळाने काढलेली कितीतरी पुस्तकं त्यांच्या वेबसाईटवर पीडीएफमध्ये फुकट ठेवलेली आहेत, चरित्रं, इतिहास, शास्त्र, लोकसाहित्य, काय नाही. हे हक्क संपल्यामुळे नाही, काढणारेच देतायत म्हणून.

तिसरं, ठाण्याचं ई साहित्य प्रतिष्ठान. इथे आजचे जिवंत लेखक स्वतःहून आपलं पुस्तक फुकट वाटायला देतात. इथे तुमचा नातू म्हणतो तसं फॉरवर्ड करणं चालतं, कारण पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावरच लिहिलेलं असतं की वाचून झालं की पुढे पाठवा, आणि लेखकाला कसं वाटलं ते कळवा. कळवाच. म्हणजे ग्रुपवर आलेली प्रत्येक पीडीएफ चोरीचीच असं नाही, पहिली दोन पानं उघडून बघायची, परवानगी लिहिलेली आहे का.

आणि पु. ल. हवेच असतील तर, जे साहजिक आहे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून याच कामासाठी उभं आहे, त्यांच्या जवळच्या शाखेची वर्गणी विचारा, पेन्शनीत बसेल.

प्रश्न : भांडुपला राहतो, सीएसएमटीला जॉब करतो आणि एमपीएससीचा अभ्यास चालू आहे. ट्रेनमध्ये जाऊन येऊन दोन तास मिळतात पण उभ्याने, जाड पुस्तक काढता येत नाही. फ्री मध्ये अभ्यासाचं काय वाचता येईल? गुगलवर शोधलं की डाउनलोडची बटणं येतात, दाबली की भलतंच काहीतरी इन्स्टॉल होतं.
— एक वाचक, भांडुप

उत्तर : आधी शेवटचं. पुस्तकाची फाईल पीडीएफ किंवा ईपब असते, एपीके (म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल) कधीच नसते. पुस्तकाच्या नावाखाली एपीके उतरायला लागली तर तिथेच थांब, आणि फुकट पुस्तकासाठी कुणी कार्ड नंबर किंवा ओटीपी मागितला तर सरळ बंद कर. झालेलं इन्स्टॉल आजच काढून टाक, बँकेचं ॲप त्याच फोनमध्ये असेल तर आत्ताच.

अभ्यासाचं म्हणशील तर तुझं नशीब चांगलं आहे, कारण एमपीएससीला लागणारं बरंचसं सरकारनेच मोफत ठेवलंय. बालभारतीची राज्य बोर्डाची पाठ्यपुस्तकं त्यांच्या साईटवर पीडीएफमध्ये आहेत, एनसीईआरटीची त्यांच्या साईटवर. मराठी विश्वकोश, वाईला तयार झालेला, सगळे २० खंड ऑनलाईन शोधता येतात, एखादा विषय क्लासच्या नोट्समध्ये अर्ध्या ओळीत उरकलेला असेल तर विश्वकोशातली नोंद वाच, तुला फरक कळेल. लोकराज्य या सरकारी मासिकाचे अंक आहेत, सरकारी योजना आणि चालू घडामोडींसाठी बरे. केतकरांचा ज्ञानकोश जुना आहे, १९२० च्या दशकातला, आकडे त्यातून घेऊ नकोस, पण महाराष्ट्राचा इतिहास आवडत असेल तर सुट्टीच्या दिवशी नक्की चाळ. राज्याच्या गॅझेटियर विभागाने मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याची माहिती देणाऱ्या ग्रंथांचे, जुने इंग्रजी खंडही ठेवलेत. आणि आयआयटी खरगपूरने चालवलेली नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे, तिथे शोधताना 'पूर्ण मजकूर उपलब्ध' आहे का ते बघून घे, काही ठिकाणी नुसती नोंदच असते.

इंटरनेट आर्काईव्ह ही जुनी पुस्तकं साठवणारी वेबसाईट तुला माहीत असेलच. तिथे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने स्कॅन केलेली जुनी मराठी पुस्तकं ढिगाने आहेत, पण देवनागरीत शोधलं तर निम्मी सापडत नाहीत कारण नावं रोमन लिपीत आणि वाट्टेल त्या स्पेलिंगने टाकलेली आहेत. एकच नाव तीन चार प्रकारे लिहून बघ, लेखकाच्या नुसत्या आडनावाने बघ. तिथे कुणीही काहीही चढवू शकतं म्हणून वरचा ६० वर्षांचा हिशोब तिथेही लावायचा. इंग्रजी जुनं साहित्य हवं असेल तर प्रोजेक्ट गुटेनबर्ग, १९७१ मध्ये मायकेल हार्टने सुरू केलेलं, ७० हजारांच्या वर पुस्तकं, बहुतेक सगळी ईपबमध्ये. मराठीसाठी मात्र तिकडे जाऊ नकोस.

ट्रेनसाठी एक सांगते, रात्री घरच्या वायफायवर आठवड्याचं सगळं उतरवून एकाच फोल्डरमध्ये ठेव. गर्दीत एका हाताने वाचायचं तर पीडीएफ आडवी करून, बाजूच्या कोऱ्या पट्ट्या कापून वाच, बहुतेक वाचायच्या ॲपमध्ये ती सोय असते. पण दारात उभा राहून वाचू नकोस रे बाबा, फोन जाईल ते जाईल.

प्रश्न : आम्ही परळला राहतो, मुलगी ५ वर्षांची आणि मुलगा ९ चा, दोघं इंग्लिश मीडियमला. मराठी बोलतात छान पण वाचायला दिलं की पळतात. दर वेळी नवीन पुस्तक आणणं परवडत नाही. मोबाईलवर असं काही आहे का?
— एक आई, परळ

उत्तर : आहे, आणि अगदी छान आहे. 'प्रथम बुक्स' या संस्थेची 'स्टोरीवीव्हर' नावाची मुलांच्या गोष्टींची वेबसाईट उघडा, २०१५ पासून चालू आहे, भाषा मराठी निवडा. गोष्टींचे चार स्तर केलेत, पहिल्या स्तरात पानावर एखादं वाक्य आणि मोठं चित्र. मुलगी पाच वर्षांची आहे म्हणजे पहिला स्तर, आणि मुलालाही पहिल्यानेच सुरुवात करू द्या, नऊ वर्षांचा म्हणून लगेच चौथा देऊ नका, जोडाक्षरांत अडकला की पुस्तकच नको म्हणेल. त्याला बहिणीला वाचून दाखवायला सांगा, मग सोपं वाचण्यात त्याचा मान पण जात नाही. या गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत, त्यामुळे प्रिंट काढून स्टेपल मारून घरीच पुस्तक केलं तरी चालतं. सरकारचं राष्ट्रीय ई-पुस्तकालय पण आहे, तिथे पुस्तकं वयाप्रमाणे लावलेली आहेत, ३ ते ८, ८ ते ११ अशी, त्यामुळे शोधायला वेळ लागत नाही.

आणि किशोर! बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक ऑनलाईन मोफत ठेवलेत. तुम्ही लहानपणी वाचलं असेल तर तुम्ही चौथी पाचवीत होता त्या वर्षीचा दिवाळी अंक शोधा आणि एखाद्या रविवारी दुपारी मुलांना जवळ घेऊन तुम्ही स्वतः वाचून दाखवा, चित्रं तीच आहेत, गोष्टी त्याच आहेत, कोडी पण तीच आणि उत्तरं शेवटच्या पानांत. मुलाला कोडं वाचायला द्या आणि उत्तराचं पान तुमच्याकडे ठेवा.