शिक्क्याआधी बूड बघ

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि थाळीचे फोटो मिळाले. निळी-पांढरी थाळी, मधोमध बागेत बसलेल्या दोन स्त्रिया, आणि मागे दुहेरी निळ्या वर्तुळात सहा चिनी अक्षरं, म्हणजे सम्राटाच्या काळाचं नाव सांगणारा शिक्का. विक्रेत्याने ‘मिंग, चेंगह्वा काळ’ असं लिहिलंय, लिलाव संपायला थोडेच दिवस उरलेत, आणि तुझा जीव वरखाली होतोय. तर आधी थाळीचंच सांगतो : इतक्यात बोली लावू नकोस. थाळी वाईट आहे म्हणून नव्हे. चित्र छान आहे, निळा रंग तर फारच देखणा. पण सगळे फोटो पुढून घेतलेले, नाहीतर शिक्क्याचे. थाळी ज्या कडेवर टेकते त्या कडेचा एकही फोटो नाही. चिनीमातीचं जुनं भांडं घ्यायचं तर ती कड आधी बघायची आणि शिक्का सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा झाला की मन आधी विश्वास ठेवून बसतं, आणि मग डोळे त्या विश्वासाला सोयीचं तेवढंच बघतात.

चीनच्या मिंग घराण्यातल्या चेंगह्वा सम्राटाचा काळ १४६५ ते १४८७. त्या काळातलं अस्सल काम फार दुर्मीळ आहे. कोंबडा-कोंबडी आणि पिल्लांचं चित्र असलेला त्या काळातला एक पेला २०१४ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात २८ कोटी हाँगकाँग डॉलरला गेला, आणि तो मुठीत मावेल एवढा आहे. मग इतक्या भांड्यांवर हा शिक्का कसा? कारण पुढच्या कारागिरांनी तो मोकळ्या मनाने लिहिला. जुन्या श्रेष्ठ कामाविषयीचा आदर त्यात होता. शिवाय १६७७ मध्ये, मिंगनंतरच्या घराण्याच्या काळात, जिंगदेजेन या चिनी पोर्सिलेनच्या मुख्य गावातल्या स्थानिक अधिकाऱ्याने तेव्हाच्या कांगशी सम्राटाचं नाव भांड्यांवर लिहायला मनाई केली. भांडी फुटणार, आणि नाव पायदळी येणार. त्यानंतर कारागीर कधी वर्तुळं रिकामी सोडत, कधी आत पान-फूल काढत, कधी जुन्या मिंग सम्राटाचं नाव घालत. म्हणजे तुझी थाळी कांगशी काळातली, सतराव्या शतकाच्या अखेरची, असू शकते आणि तरीही त्यावरचा चेंगह्वा शिक्का ही लबाडी ठरत नाही. एकोणिसाव्या शतकातही हाच शिक्का लिहिला गेला, आणि आजही लिहिला जातो. लबाडी असलीच तर विक्रेत्याच्या ‘मिंग’ या शब्दात आहे.

शिक्क्याला खोटं पाडायला कधीकधी एक रंगही पुरतो. चिनी भांड्यांवरचा दाट, अपारदर्शक गुलाबी रंग सोन्यापासून करतात, आणि तो तिथे १७२० च्या आसपास आला. त्यामुळे गुलाबी पाकळ्यांच्या फुलाखाली चेंगह्वाचं नाव दिसलं तर ते भांडं पंधराव्या शतकातलं नाही, हे भिंग न काढताही सांगता येतं.

आता बुडाकडे ये. विक्रेत्याला तिरक्या उजेडात, अगदी जवळून, टेकणाऱ्या कडेचा फोटो मागून घे. तिथे झिलई पुसलेली असते, नाहीतर भांडं भट्टीत खालच्या टेकूला चिकटलं असतं. म्हणून मूळ माती उघडी दिसते ती फक्त तिथेच. झिलई जिथे संपते तिथे पुष्कळ चिनी भांड्यांवर नारिंगीसर बारीक रेघ असते. मातीतलं लोह भट्टीत भाजून ती आपसूक उमटते. नकली कामात तीच रेघ ब्रशने ओढतात, मग ती सगळीकडे सारख्या रुंदीची येते. कड बोटाने चाचपायला मिळाली तर फार उत्तम. शंभर-दोनशे वर्षं फडताळात सरकलेली कड उंचवट्यांवर गुळगुळीत होते आणि खोलगट जागी खरखरीत राहते. पॉलिश कागदाने घासलेली कड सर्वत्र सारखी लागते, आणि भिंगाखाली तिचे ओरखडे एकाच दिशेने पळताना दिसतात. काळपट मळ दिसला तर तो कुठे आहे ते बघ. खरा मळ सांदीत बसतो, लावलेला मळ जिथे नजर जाईल तिथे असतो.

बुडावर झिलईतच तीन-चार छोटे खरबरीत ठिपके दिसले तर चीन सोडून जपानचा विचार कर. तिथल्या आरिता गावच्या भट्ट्यांत थाळीचं बूड मध्ये खचू नये म्हणून खालून मातीचे बारीक टेकू देत, त्यांच्या त्या खुणा. आरिताच्या कारागिरांनीही चेंगह्वा शिक्का मनसोक्त लिहिला आहे, त्यामुळे तुझ्या थाळीबाबत हे आवर्जून तपास. १६४४ मध्ये मिंग सत्ता कोसळली, जिंगदेजेनचा माल अडला, आणि डच व्यापारी कंपनी जपानकडे वळली. इमारी बंदरातून तो माल निघे म्हणून त्याला इमारी म्हणू लागले. सतराव्या शतकातली निळी-पांढरी जपानी थाळी चिनी म्हणून विकली जाते तेव्हा मला वाईट वाटतं, कारण ती स्वतःच्या नावाने मिरवावी इतकी सुंदर असते.

हे सगळं वाचून येत नाही, हाताळून येतं. म्हणून माझा आग्रह आहे की पहिले पैसे एका मोठ्या भांड्यात घालू नकोस. तडकलेली, टवका उडालेली, झाकण हरवलेली, पण निःसंशय जुनी अशी साधी भांडी घे. फुटलेली कड जेवढं शिकवते तेवढं धड भांडं शिकवत नाही. पोर्सिलेनचा, म्हणजे अस्सल चिनीमातीचा, टवका काचेसारखा चकचकीत असतो, माती आणि झिलई एकजीव झालेली. डेल्फ्ट या डच गावच्या मातीच्या भांड्याच्या टवक्यात आतली पिवळसर, सच्छिद्र माती दिसते, वर कथिलाच्या पांढऱ्या झिलईचा वेगळा थर. फ्रान्स-इंग्लंडातल्या जुन्या मऊ पोर्सिलेनची फुटलेली कड साखरेसारखी रवाळ असते. या तिन्हींचे एकेक तुकडे शेजारी ठेवून रोज हातात घे.

युरोपची अर्धी गोष्ट त्या तुकड्यांतच आहे. चिनी कारागिरांकडे केओलिन ही पांढरी माती आणि ‘चिनी दगड’ नावाचा खडक होता. युरोपला ते गमक शेकडो वर्षं सापडलं नाही, म्हणून काचेची पूड वगैरे मिसळून मऊ पोर्सिलेन निघालं. पोलंडचा राजा आणि जर्मनीतल्या सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस याला या भांड्यांचं वेडच होतं. १७१७ मध्ये त्याने ६०० घोडेस्वार सैनिक प्रशियाच्या राजाला देऊन त्या बदल्यात १५१ भांडी घेतली. सोनं बनवण्याच्या नादी लागलेल्या ब्योटगरला त्यानेच डांबून ठेवलं होतं. शास्त्रज्ञ चिर्नहाउसच्या मदतीने ब्योटगरला १७०८ च्या सुमारास चिनी कामासारखं कठीण पोर्सिलेन साधलं आणि १७१० मध्ये सॅक्सनीतल्या माइसेनचा कारखाना उभा राहिला. फ्रान्सला लिमोजजवळ केओलिन सापडायला १७६८ उजाडलं.

या इतिहासाचा उपयोग बाजारात होतो. पॅरिसमधल्या सॅमसन यांच्या कारखान्याने १८४५ पासून साऱ्या जगाच्या पोर्सिलेनच्या नकला केल्या, आणि फार कुशलतेने केल्या. पण इंग्लंडच्या चेल्सी कारखान्याचं काम मऊ पोर्सिलेन होतं, आणि सॅमसनने त्याची नक्कल कठीण पोर्सिलेनमध्ये केली. शिक्का तोच, फुलं तीच, पण माती वेगळी. हाताला सवय असेल तर भांडं उचलताक्षणी शंका येते. माइसेनच्या शिक्क्यातल्या दोन निळ्या तलवारींचंही तसंच. १७२० च्या दशकात त्या आल्या आणि तेव्हापासून सगळ्यांनी चोरल्या. अस्सल तलवारींवरून आडवी कोरलेली रेघ गेली असेल तर थांब. तो माल कारखान्याने दुय्यम ठरवलेला किंवा कोरा पांढरा विकलेला असतो, आणि त्यावरचं रंगकाम बाहेरच्या हाताचं असू शकतं.

लिहिलेलं खरंच असतं अशी उदाहरणंही आहेत, नाही असं नाही. डेव्हिड फुलदाण्या, म्हणजे संग्राहक डेव्हिड यांच्या नावाने ओळखली जाणारी चिनी फुलदाण्यांची जोडी, हे त्यातलं सगळ्यात मोठं. त्यांच्या गळ्यावर निळ्या अक्षरांत एका भक्ताने मंदिराला त्या वाहिल्याचा लेख आहे, १३५१ सालचा. चांगलं निळं-पांढरं काम मिंग काळाआधीचं असूच शकत नाही असं तेव्हा बहुतेकांना वाटे, त्यामुळे १९२९ मध्ये अभ्यासक हॉब्सनने त्या प्रसिद्ध केल्या तरी लगेच फरक पडला नाही. १९५० च्या दशकात अभ्यासक जॉन पोप यांनी इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातली आणि इराणच्या आर्देबिल दर्ग्याची भांडी त्यांच्याशी ताडून पाहिली. नक्षीचे पट्टे, लाटा, पानांची वळणं जुळली, आणि चौदाव्या शतकातलं युआन, म्हणजे मिंगच्या आधीच्या घराण्याच्या काळातलं, काम कसं ओळखायचं याचा पाया बसला. लेख एकटा पुरला नाही. कधी ब्रिटिश म्युझियमला जाशील तेव्हा त्यांच्यासमोर घाई करू नकोस.

तारखेची खात्री हवी आणि खिसा लहान, अशांना मी पूर्वी बुडालेल्या जहाजांतला माल सुचवत असे. गेल्डरमाल्सेन हे डच जहाज १७५२ च्या जानेवारीत बुडालं. त्यातली दीड लाखाच्या आसपास चिनी भांडी वर काढून १९८६ मध्ये ॲमस्टरडॅमला लिलावात विकली गेली. त्यातली वाटी घेतली की ती १७५२ नंतरची नाही हे पक्कं. पण तो माल विक्रीसाठीच उपसला, जहाजाचा अभ्यास करण्याची संधी त्यात वाया गेली, आणि पुरातत्त्वज्ञांनी त्यावर केलेली टीका मला पटते. आता मी तो सुचवत नाही. शिवाय लिलावाचं चिकटवलेलं लेबल एका वाटीवरून दुसरीवर सहज जातं.

लाखकाम, तारांच्या चौकटीतली मिनाकारी, कांस्य यांचंही तू विचारलंस. सध्या नको. प्रत्येकाचं शिक्षण पहिल्यापासून करावं लागतं. हस्तिदंताला तर हातच लावू नकोस. त्याचे कायदे देशोदेशी कडक आहेत, आणि ते तसेच असावेत.

दुरुस्तीविषयी मात्र नीट ऐक. धातूच्या टाक्यांनी सांधलेली जुनी थाळी मला आवडते, कुणाला तरी ती टाकवली नाही हे त्यात दिसतं. वैताग आणते ती लपवलेली दुरुस्ती. अंधारात अतिनील दिव्याखाली धर, नवा रंग बहुधा वेगळाच उजळतो. बोटाला झिलई थंड आणि कठीण लागते, रंग कोमट आणि किंचित मऊ. बोटाच्या टोकाने हलकेच टिचकी मारली तर धड भांडं स्वच्छ वाजतं आणि तडा असलेलं बद्द. घरी आणल्यावर गरम पाणी नको, जुना डिंक सुटतो. स्प्रिंगच्या तारेने भिंतीवर टांगूही नकोस, तार कडेचे टवके काढते.

भांडं याआधी कुणाकडे होतं हे विचारायला संकोचू नकोस. उत्खननातून चोरलेल्या वस्तूंच्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० चा आहे, आणि तेव्हापासूनची साखळी दाखवता येत नसेल तर जबाबदार संग्रहालयं अशा वस्तू सहसा घेत नाहीत. आपणही तेवढीच अट ठेवावी. ऑगस्टसच्या माणसांनी १७२१ पासून यादी केली आणि प्रत्येक भांड्याच्या बुडावर आकडा कोरला. त्याच्या ड्रेस्डेनच्या संग्रहातून पांगलेली भांडी आजही त्या आकड्यावरून ओळखू येतात. तू कोरू नकोस, पण वही आजच सुरू कर : कुठून, केव्हा, केवढ्याला, आधी कुणाकडे, कुठे तडा, आणि बुडाचा फोटो.

आणि बिल नीट वाच. लिलावाच्या यादीत ‘कांगशी शिक्का आणि त्याच काळातलं’ हे एक, आणि नुसतं ‘कांगशी शिक्का’ हे अगदी दुसरं. पहिल्यात विकणारा काळाची हमी देतो, दुसऱ्यात फक्त अक्षरं वाचून दाखवतो. काळ, ठिकाण आणि झालेली दुरुस्ती या तिन्ही गोष्टी बिलावर लिहून माग. जो लिहून द्यायला कां-कूं करेल त्याच्याकडून घेऊ नकोस, वस्तू कितीही मनात भरली तरी.

तुझा,
काका