काउंटरवरून : रात्रीत बदललेला फोन

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच दुखण्याची आहेत. त्यातलं एक वानगीदाखल घेतो, म्हणजे बाकीच्यांनाही उत्तर मिळेल. ज्यांनी 'फुटलेल्या काचेवर टेम्पर बसेल का' असं विचारलंय, त्यांना एका शब्दात : नाही.

प्रश्न : मी ७४ वर्षांची निवृत्त शिक्षिका. ऑगस्टमध्ये एका सकाळी फोन वाजला आणि बघते तर समोरचं सगळंच निराळं. नेहमीसारखं बोट वर सरकवलं, फोन काही उचलला जाईना. मुलगा म्हणतो अपडेट आलं असेल. पण मी कुठेही 'ओके' केलेलं नाही. माझ्या फोनमध्ये कुणी शिरलं तर नाही ना? जुनं परत आणता येईल का?
— एक वाचक, नौपाडा

काकू, कुणी शिरलेलं नाही. तुम्ही एकट्याही नाही. ऑगस्ट २०२५मध्ये, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, माझ्या मोबाइलच्या दुकानातल्या काउंटरवर दिवसाला दहा-बारा माणसं हीच तक्रार घेऊन फोन पुढे करून उभी राहत होती. एरवी त्या आठवड्यात माझ्याकडे स्पीकर आणि ब्लूटूथवाले येतात.

पहिले आले ते आमच्या गल्लीतले गुरुजी. त्यांचा हा हंगाम. एका दिवसात चौदा घरच्या प्राणप्रतिष्ठा, आणि प्रत्येक घरातून 'गुरुजी, निघालात का' म्हणून फोन. बोटाला गंध, अंगठ्याला कुंकू. ते बोट वर ढकलतायत आणि फोन आपला वाजतोय. माझ्या देखत तीन वेळा वाजून बंद झाला. मला म्हणाले, "अहो, हा माझा फोनच नाही. कुणीतरी बदललाय." कव्हर काढून मागचा ओरखडा दाखवला, तेव्हा कुठे पटलं.

झालं होतं असं. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच अँड्रॉइड फोनांत कॉल घेण्या-करण्यासाठी गूगलचं 'फोन' हेच अ‍ॅप असतं, मग पाठीवर नाव कुठल्याही कंपनीचं असो. गूगलने मे २०२५मध्ये 'मटेरियल थ्री एक्स्प्रेसिव्ह' नावाची नवी सजावट जाहीर केली : मोठी बटणं, जास्त गोलाई, भडक रंग. तीच या अ‍ॅपलाही चढवली. आवडते नंबर आणि अलीकडचे कॉल एकाच पानावर आले, 'कॉन्टॅक्ट्स' वरच्या तीन रेघांच्या आत जाऊन बसले, आणि वर-खाली सरकवायचं बोट आडवं सरकवायचं झालं. कंपनीचं म्हणणं, खिशातून फोन काढताना चुकून कॉल उचलले किंवा तोडले जातात, ते टाळायला हा बदल.

आता तुमचा खरा प्रश्न : काही न दाबता हे झालं कसं? मंडपात लायटिंगच्या माळा आधी चार दिवस लावून ठेवतात ना, तसं आहे. नवं रूप आधीच्या कुठल्यातरी अपडेटमधून गुपचूप तुमच्या फोनमध्ये येऊन पडलेलं होतं. बटण त्यांच्याकडे. त्यांनी तिकडून दाबलं, तुमच्याकडे उजेड पडला.

माझी तक्रार सजावटीबद्दल नाही. चार दिवसांनी डोळे सरावतात. पण फोन उचलणं हे डोळ्यांचं काम नाही, हाताचं आहे. झोपेत, अंधारात, पिठाच्या हातांनी आपण फोन उचलतो. या सजावटीसाठी ४६ अभ्यास केले, त्यात १८ हजारांहून जास्त लोक घेतले, असं गूगलने सांगितलंय. असतील. त्यात आमचे गुरुजी नव्हते एवढं मी खात्रीने सांगतो. आदल्या दिवशी स्क्रीनवर एक ओळ आली असती, 'उद्यापासून बोट आडवं', तर माझ्या दुकानातली गर्दी निम्मी झाली असती. (धंद्याच्या दृष्टीने मी हे बोलू नये. पण या कामाचे पैसे तरी कुठे घेतो मी.)

उपाय दोन. पहिला मी सगळ्यांना करून देतो. 'फोन' अ‍ॅप उघडा, वरच्या तीन रेघा दाबा, 'सेटिंग्ज'मध्ये जा, तिथे 'इनकमिंग कॉल जेश्चर' शोधा. त्यात दोन पर्याय दिसतील : आडवं सरकवणं किंवा नुसतं बोट टेकवणं. तुम्ही टेकवण्याचा घ्या. दोन स्वच्छ बटणं येतात, एक उचलायचं, एक तोडायचं. गुरुजींना तेच करून दिलं. पहिला कॉल त्यांनी माझ्यासमोरच घेतला आणि समोरच्याला म्हणाले, "निघालोच." निघायला अजून वीस मिनिटं होती.

दुसरा उपाय म्हणजे जुनं रूप परत आणणं. अ‍ॅपच्या चिन्हावर बोट दाबून धरायचं, 'अ‍ॅप इन्फो', वर कोपऱ्यात तीन ठिपके, 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. तिथे 'सगळा डेटा जाईल' अशी दटावणी येते. नंबर त्याने जात नाहीत, ते वेगळ्या कप्प्यात असतात, पण याच अ‍ॅपमध्ये कॉल रेकॉर्ड करून ठेवले असतील तर आधी बाहेर काढा. शिवाय प्ले स्टोअरमध्ये या अ‍ॅपचं आपोआप अपडेट होणं बंद करावं लागतं, नाहीतर आठवड्यात पुन्हा तेच. मी हे कुणाला सुचवत नाही. अपडेट बंद केलं की सजावटीबरोबर सुरक्षेच्या दुरुस्त्याही बंद होतात. आणि आज ना उद्या बोटाला नवी सवय लावायचीच आहे.

प्रश्न : मी ऐरोलीत आयटीत आहे. मेसेजेस अ‍ॅप सारखं 'आरसीएस चालू करा' म्हणतं. चालू करू का? आणि एवढ्या मोठ्या गूगलला व्हॉट्सअ‍ॅपसारखं एक अ‍ॅप का जमू नये?
— एक वाचक, ऐरोली

दुसरा प्रश्न आधी, कारण तो माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

जमत नाही असं नाही हो, ते थांबत नाहीत. २००५ साली गूगल टॉक आणलं. २०१३ला हँगआउट्स. मे २०१६मध्ये एकाच कार्यक्रमात दोन अ‍ॅपं जाहीर केली : गप्पांसाठी अ‍ॅलो आणि व्हिडिओ कॉलसाठी डुओ. (त्याच सुमारास अँड्रॉइडच्या 'एन' आवृत्तीला गोड पदार्थाचं नाव सुचवा म्हणाले, तर केरळवाल्यांनी त्यांच्याकडच्या 'नेय्यप्पम'चा धोशा लावला. शेवटी नाव पडलं नूगा. आपल्यापैकी कुणाला नानकटाई आठवू नये?) अ‍ॅलो मार्च २०१९मध्ये बंद, हँगआउट्स २०२२च्या नोव्हेंबरात बंद, आणि डुओ त्याच वर्षी गूगलच्याच मीट या व्हिडिओ-बैठकांच्या अ‍ॅपमध्ये विरघळून गेलं.

अ‍ॅलो आलं सप्टेंबर २०१६मध्ये. मी पहिल्याच दिवशी टाकलं. दुकानदार माणूस, नवं काही आलं की आधी आपल्या फोनवर बघायचं. घरच्या अकरा जणांना पकडून पकडून बसवलं. अ‍ॅप वाईट नव्हतं, आजही म्हणेन. 'पाठवा'चं बटण दाबून वर ओढलं की अक्षरं मोठी व्हायची, खाली ओढलं की बारीक. माझ्या धाकट्या बहिणीने 'जेवलास का' एवढे दोन शब्द स्क्रीनभर मोठे करून पाठवले होते. गप्पांच्या मध्येच गूगलच्या असिस्टंटला हाक मारून काही विचारता यायचं. त्याला हिंदी यायला डिसेंबर उजाडला. आईने त्याला मराठीतून विचारलं, 'आज चतुर्थी आहे का रे', आणि त्याने काहीतरी भलतंच इंग्रजी उत्तर दिलं. आईने फोन परत माझ्या हातात दिला. "याला आपलं काही माहीत नाही," म्हणाली.

तरी अकरा जण होते. पहिल्या आठवड्यात सगळे बोलले. दुसऱ्या आठवड्यात मीच 'सुप्रभात' टाकत होतो आणि मेहुणा अंगठा दाखवत होता. मग भाचीचं लग्न ठरलं. हॉल कुठला, केळवण कुणाकडे, आहेर कुणाचा, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर, कारण व्याही तिथे होते, कॅटररवाला तिथे होता, गुरुजी तिथे होते. व्याह्यांना कोण सांगणार, आधी नवं अ‍ॅप टाका, मग मुलगी बघा? त्या वर्षीच्या फेब्रुवारीतच व्हॉट्सअ‍ॅपने शंभर कोटी माणसांचा आकडा गाठला होता. अ‍ॅलोकडे आमच्या घरचे अकरा.

जाणकारांचा राग वेगळ्या कारणाने होता, तोही खरा होता. व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०१६मध्ये सगळ्या गप्पांना टोकापासून टोकापर्यंत कुलूप लावलं, म्हणजे मधल्या कंपनीलाही वाचता येऊ नये. अ‍ॅलोत ते कुलूप फक्त 'इन्कॉग्निटो'च्या, म्हणजे गुप्त गप्पांच्या खोलीत होतं. साध्या गप्पा असिस्टंटला वाचता याव्यात म्हणून उघड्या. अमेरिकी सरकारची पाळत उघडी पाडणाऱ्या एडवर्ड स्नोडेनने तर हे वापरू नका असं उघड लिहिलं. पण खरं सांगू, माझ्या काउंटरवर त्या काळात एकानेही कुलपाबद्दल विचारलं नाही. सगळ्यांचा एकच प्रश्न : "आमच्या ग्रुपवर कोणी आहे का यावर?"

डुओ मला मनापासून आवडायचं. त्यात 'नॉक नॉक' होतं : फोन उचलण्याआधीच पलीकडच्याला तुमचं चित्र दिसायला लागायचं. हे माझ्या भावजींना ठाऊक नव्हतं. रविवारी सकाळी बनियनवर, दाढीचा फेस लावून त्यांनी सासूबाईंना फोन लावला. सासूबाईंनी उचललाच नाही. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "आवरून झालं की करतील परत."

आता आरसीएस. ही साध्या एसएमएसची पुढची पायरी समजा. नेटवरून जातं, फोटो धड जातात, पलीकडच्याने वाचलं की कळतं. दोन्हीकडे गूगलचं मेसेजेस असेल तर टोकापासून टोकापर्यंतचं कुलूपही असतं. पाठवायच्या बटणावर बारीक कुलपाचं चिन्ह येतं, ते बघून घ्या. चालू करा, बिघडत काही नाही. बँकेचे साधे ओटीपी एसएमएस येतच राहतात. एकच अडचण : पलीकडच्याचं नेट बंद असेल तर संदेश अडकून राहतो, आणि आपल्याला वाटतं पोचला. त्याच सेटिंगमध्ये 'आपोआप एसएमएस म्हणून पुन्हा पाठवा' असा पर्याय आहे, तो चालू ठेवा. जाहिरातींनी मात्र ही चांगली वस्तू नासवली. भारतात एवढी ओरड झाली की जून २०२२मध्ये गूगलने आरसीएसवरच्या जाहिराती इथे काही काळ थांबवल्या होत्या. कर्जाचा किंवा रमीचा संदेश आला तर उत्तर देऊ नका, 'ब्लॉक'बरोबर 'रिपोर्ट स्पॅम'वरही टिचकी मारा.

प्रश्न : अपडेट घेताना 'जागा नाही' असं येत होतं. स्टेशनजवळच्या एका दुकानात दिला, त्याने 'सॉफ्टवेअर मारून' (म्हणजे आतलं सगळं पुसून नव्याने घालून) दिलं. फोन सुरू झाला, पण फोटो गेले. परत मिळतील?
— एक वाचक, कळवा

गूगल फोटोज किंवा तत्सम कुठे आधी चढवलेले असतील तर मिळतील, त्याच ईमेलने आत जाऊन बघा. नसतील तर आजच्या फोनमधून ते निघत नाहीत. काढून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

त्या दुकानदाराला नावं ठेवायचा मला हक्क नाही. २०११ साली मीही एक फोन असाच मारला होता. हँग होतोय म्हणून आला होता, मी विचारलंच नाही आत काय आहे. त्यात त्या गृहस्थांच्या वडिलांनी म्हटलेले अभंग होते, मेमरी कार्डात नव्हते, फोनमध्येच. गृहस्थ काही बोलले नाहीत. पैसे विचारले. मी घेतले नाहीत, तर ते काउंटरवर ठेवून गेले. तेव्हापासून माझ्याकडे एक वही आहे, 'आत काय आहे' असं विचारून त्यात गिऱ्हाइकाची सही घेतो. तुम्हीही कुठेही फोन द्याल तिथे, तो विचारो न विचारो, आधी सांगा.

प्रश्न : आमच्या सोसायटीत ८४ फ्लॅट आहेत. काही सभासदांचा आग्रह आहे की ग्रुप अरट्टईवर हलवावा. सेक्रेटरी म्हणून मी काय करू?
— एक वाचक, नेरूळ

सेक्रेटरी साहेब, आधी सहानुभूती.

अरट्टई हे चेन्नईच्या झोहो या सॉफ्टवेअर कंपनीचं, व्हॉट्सअ‍ॅपसारखं अ‍ॅप. तमिळमध्ये शब्दाचा अर्थच गप्पा. जानेवारी २०२१मध्ये आलं, तेव्हा फारसं कुणी विचारलं नाही. सप्टेंबर २०२५मध्ये स्वदेशीची हवा झाली आणि रोजचे तीन हजार नवे लोक तीन दिवसांत साडेतीन लाखांवर गेले, असं झोहोचे संस्थापक श्रीधर वेम्बूंनीच सांगितलं. त्या लाटेत कॉलना कुलूप होतं, लिहिलेल्या गप्पांना नव्हतं, यावरून बरीच चर्चा झाली. सोसायटीच्या ग्रुपवर लिफ्ट आणि पार्किंगशिवाय गुपित असतं कुठलं म्हणा.

माझ्या मते अडचण कुलपाची नाही, चौऱ्याऐंशीची आहे. मी अकरा जणांना धरून ठेवू शकलो नाही. सत्तर जण आले आणि चौदा राहिले, तर त्या चौदांत हमखास तळमजल्याचे आजोबा आणि वॉचमन असणार, ज्यांना निरोप सगळ्यात आधी कळायला हवा. हलवायचंच असेल तर आधी फक्त कमिटीचा ग्रुप न्या, तीन महिने चालवा, मग बाकीच्यांना विचारा. आणि ज्या दिवशी मोठा ग्रुप न्याल, त्या दिवशी जुन्या ग्रुपचं नाव बदलून 'बंद, सगळे अरट्टईवर' असं ठेवा आणि तिथे अ‍ॅडमिनशिवाय कुणाला लिहिता येणार नाही असं करा. नाहीतर 'उद्या पाणी नाही, टँकर सातला' हा निरोप कुणीतरी जुन्याच ग्रुपवर टाकेल, आणि सव्वासातला बादली घेऊन तुमच्या दारात उभी असलेली माणसं अ‍ॅपचं नाव विचारणार नाहीत.