अनुदानाचं काय ते विचारा

प्रश्न (सांगोला): नमस्कार सर, साडेतीन एकर डाळिंब आहे. डीलर बोलला आत्ता ठिबक टाकून घ्या, 80 टक्के अनुदान आहे, कागदाचं मी बघतो, मग काय टाकून घेतलं, पक्कं बिल पण आहे. आता महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाच्या ऑनलाइन पोर्टलवर) अर्ज करायचाय, मिळेल ना?

उत्तर: दादा, अवघड आहे. ठिबकच्या या योजनेत आधी अर्ज, मग कागदपत्रं, मग पूर्वसंमती म्हणजे कृषी खात्याची आधीची मंजुरी आणि त्यानंतर खरेदी असा क्रम आहे, पूर्वसंमतीच्या आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. आता डीलर म्हणेल नवीन तारखेचं बिल करून देतो, त्या फंदात पडू नका, मोका तपासणीला म्हणजे शेतावरच्या पाहणीला फोटो जिओ टॅगिंगचे, जागेची नोंद असलेले असतात आणि सापडलात तर सही तुमची असते, त्याची नाही.

80 चा आकडा खोटा नाहीये. 5 एकरांच्या आतल्या शेतकऱ्याला केंद्राचे 55 टक्के आणि वर राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेचे 25, मोठ्या खातेदाराला 45 अधिक 30 म्हणजे 75. पण हे टक्के सरकारी मापदंडावर म्हणजे सरकारने ठरवलेल्या खर्चावर काढतात, तुमच्या बिलावर नाही. आणि मापदंड लॅटरलच्या म्हणजे ओळीतल्या ठिबक नळ्यांच्या अंतरावर ठरतो, त्यामुळे डाळिंबासारख्या लांब अंतराच्या बागेला एकरी रक्कम ऊस-भाजीपाल्यापेक्षा बरीच कमी बसते, हे डीलर सांगत नाहीत. दुसरं रान बिनठिबकचं असेल तर त्याचा अर्ज नीट क्रमाने करा, फार्मर आयडी म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक आधी काढून ठेवा.

प्रश्न (कणकवली): सर, आम्हाला 2 एकर वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीत काजू लावायचाय, फुंडकर योजनेत 100 टक्के मिळतं म्हणतात. रस्त्यावरच्या नर्सरीत कलमं स्वस्त आहेत, ती घेऊ का?

उत्तर: नको ताई. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत कलमं कृषी विभागाच्या, विद्यापीठाच्या नाहीतर मानांकित रोपवाटिकेतूनच घ्यावी लागतात. तुमच्या जवळ वेंगुर्ल्याचं संशोधन केंद्र आहे, काजूचे वेंगुर्ला 4 आणि 7 हे वाण तिथलेच, तिकडे आधी नोंदणी करा, ऐन पावसात गेलात तर हात हलवत याल. पण त्याआधी रोजगार हमी योजनेच्या फळबाग लागवडीत बसता का ते बघा, तिचं जॉबकार्ड असेल तर पहिली वाट ती, फुंडकर योजना तिथे न बसणाऱ्यांसाठी आहे.

100 टक्के म्हणजे एकदम हातात नाही हं. 3 वर्षांत 50, 30, 20 असं येतं, तेही झाडं जगली तर, कोरडवाहूला 80 टक्के आणि बागायतीला 90 टक्के जिवंत लागतात. कोकणात कलम पाण्यावाचून मरतं त्याहून जास्त मोकाट गुरांनी आणि मार्च-एप्रिलच्या वणव्याने मरतं असं माझं मत आहे. कुंपणाचा खर्च योजनेत नाही, तो स्वतःचा धरा, पावसाळा संपला की बागेभोवतीचं गवत काढून जाळरेषा म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा घ्या आणि मेलेल्या कलमांच्या नांग्या (रिकाम्या जागा) पुढच्याच पावसात भरा, तपासणीची वाट बघत बसू नका.

प्रश्न (नारायणगाव): टोमॅटो-मिरचीच्या रोपांसाठी 10 गुंठ्यांत शेडनेट टाकायचीय, काही आहे का?

उत्तर: अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना बघा, मापदंडाच्या 50 टक्के मिळतात, महिला कृषी पदवीधरांना पहिलं प्राधान्य, घरात कुणी असेल तर अर्ज तिच्या नावाने टाका, फक्त जमीनही तिच्या नावावर हवी. बाकी तुमच्या भागात नर्सऱ्या काही कमी नाहीत, तेव्हा शेडनेटच्या आधी रोपांचे ट्रे कोण विकत घेणार ते चार गावांत विचारून घ्या.