दुसरी गाडी आत्ता घेऊ नका: आमच्या टीमच्या सुरुवातीच्या वर्षांतला अनुभव

टूरिंग कार रेसिंगची (रस्त्यावरच्या मोटारींवरून बनवलेल्या गाड्यांच्या शर्यतींची) एक गाडी आहे, दुसरा सीझन तोंडावर आलाय, प्रायोजकाचं पत्र हातात आहे, तर दुसरी गाडी आत्ताच घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. आम्ही टीम काढली तेव्हा दुसऱ्याच वर्षी माझ्यापुढे हाच प्रश्न होता आणि तो मी कुणालाही न विचारता सोडवला. म्हणून जरा सविस्तर लिहितो. लायसन्स, एंट्री, विमा हे सगळं तुम्ही वर्षभर सांभाळलंय, त्यात शिरत नाही.

माझं मत: घेऊ नका. पैसे खात्यात जमा होईपर्यंत तर नाहीच.

आमच्याकडेही पत्र होतं. लेटरहेड, सही, शिक्का, आणि मजकुरात ‘सहकार्य करण्यास इच्छुक आहोत’. त्या ‘इच्छुक’ शब्दावर आम्ही कुणीच अडलो नाही. त्या भरवशावर मी उधारीवर एक वापरलेली गाडी उचलली. पहिली रेस दोन आठवड्यांवर असताना सही करणाऱ्या साहेबांची बदली झाली. मग त्या ऑफिसात कधीही फोन करा, ‘फाइल वर गेलीय’. वर म्हणजे कुणाकडे, ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांनी आमच्याकडून बिल तीनदा मागवलं, तिन्ही वेळा वेगळ्या नमुन्यात. सरळ नाही म्हणाले असते तर त्याच आठवड्यात मी गाडी विकून मोकळा झालो असतो. नाही म्हणायचंही सौजन्य दाखवलं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

ट्रॅकवर काय झालं तेही सांगतो. एका गाडीला दोन मेकॅनिक पुरत होते. दुसरी आल्यावर तेच दोघं पहाटेपर्यंत राबायला लागले. स्पेअरला पैसे नव्हते, म्हणून पहिल्या गाडीचं बेअरिंग गेलं की दुसरीचं काढायचं. मग ब्रेकचं कॅलिपर, मग चाक फिरवणारा ड्राइव्हशाफ्ट. सीझनच्या पाचव्या रेसला दुसरी गाडी चार स्टँडवर उभी होती, पुढच्या डाव्या चाकाच्या हबला फडकं बांधलेलं, ब्रेकच्या पाइपाच्या तोंडात बोल्ट घातलेला. ती गाडी चालवायला मिळावी म्हणून पैसे भरलेला ड्रायव्हर मुलगा सूट घालून तिच्याशेजारी उभा होता. मला काही बोलला नाही. त्याचे पैसे हप्त्याहप्त्याने फेडायला दीड वर्ष लागलं.

दुसरी गाडी घ्या म्हणताना कुणी फॉर्म्युला वनमधल्या विल्यम्स टीमचं उदाहरण देईल, आणि ते खरंही आहे. १९७९ साली सिल्व्हरस्टोनला त्यांचा पहिला विजय क्ले रेगाझोनीने मिळवला, म्हणजे दुसऱ्या गाडीने. पुढे असलेल्या अ‍ॅलन जोन्सची गाडी बंद पडली होती. पण आधीची दोन वर्षं बघा. १९७७ मध्ये टीमचे मालक फ्रँक विल्यम्स आणि इंजिनिअर पॅट्रिक हेड यांनी नव्याने सुरुवात केली ती मार्च कंपनीच्या विकत घेतलेल्या एका गाडीवर. १९७८ मध्ये स्वतःची एफडब्ल्यू०६ ही गाडी बनवली, तीही एकट्या जोन्ससाठी. दुसरी गाडी १९७९ मध्ये आली, सौदी प्रायोजकांचा पैसा सुरू झाल्यावर. फ्रँक विल्यम्सनी त्याआधी कित्येक वर्षं उधारीवर टीम चालवून बघितली होती.

तरीही घेणारच असाल तर वापरलेल्या गाडीच्या सीटवरचा स्टिकर आधी वाचा. एफआयएच्या (मोटरस्पोर्टची जागतिक संघटना) ८८५५-१९९९ मानकाची सीट, बनवणाऱ्याने मुदत वाढवून दिली नसेल तर, बनल्यापासून ५ वर्षंच चालते. आमच्या गाडीतली मुदत संपलेली होती आणि ते रेसआधीच्या पहिल्याच तांत्रिक तपासणीत (स्क्रूटिनीत) कळलं. ड्रायव्हरच्या करारात गाडी ठोकली तर खर्च कुणाचा, किती मर्यादेपर्यंत, आणि गाडी उभीच राहिली तर त्याला परत किती, हे लिहून घ्या. शेवटचा मुद्दा आमच्या करारात नव्हता. इंजिन किती तास चाललं ते प्रत्येक सेशननंतर वहीत लिहा. नंतर आठवून लिहिलेले तास खरे नसतात.

मी वकील नाही, आणि माझा अनुभव छोट्या स्प्रिंट रेसचा आहे. एन्ड्युरन्समध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेसमध्ये, एका गाडीचे ड्रायव्हर खर्च वाटून घेतात, तिथलं गणित वेगळं असू शकतं.

तुमच्या पत्रात रक्कम आणि ती देण्याची तारीख याबद्दल नेमकं काय लिहिलंय? कंपनीचं नाव गाळून तेवढीच दोन वाक्यं इथे टाका. आज रात्री वाचून सांगतो.