शिकागोची हवा ओळखीची असेल तर तापमानाच्या सौद्यांत पैसे मिळतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिकागोत येऊन वर्ष झालं, काल्शी या अमेरिकेतल्या ऑनलाइन सौदेबाजारात रोजच्या कमाल तापमानावर सौदे होतात हे आत्ता कळलं. इथली हवा ज्याच्या अंगवळणी पडली आहे त्याला यात बाहेरच्यापेक्षा जास्त मिळतं का? आणि भारतात बसलेला भाऊ मुंबईच्या हवेवर असंच काही करू शकेल का?

मिळतं. पण वर्षातले मोजके दिवस, आणि तेही मोजकंच. दीड वर्ष मी वहीत हिशेब ठेवून हे करते आहे. फी वजा जाता ३१० डॉलर वर आहे. जेवढा वेळ घातला तेवढ्यात दिवाळीच्या चकल्या करून मंडळात विकल्या असत्या तर जास्त सुटले असते. तरी सोडवत नाही, कारण मला वाऱ्याचा नाद आहे. तो नसेल तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका.

आधी सौदा कसा असतो ते. दिवसाच्या कमाल तापमानाचे दोन-दोन अंशांचे कप्पे पाडलेले असतात, फॅरेनहाइटमध्ये: ८२–८३, ८४–८५, ८६–८७ असे, आणि दोन टोकांना 'त्याहून कमी' आणि 'त्याहून जास्त'. एखाद्या कप्प्याचा भाव ४० सेंट असेल तर बाजाराच्या मते तो लागण्याची शक्यता शंभरात चाळीस. लागला तर एक डॉलर हातात, नाही तर चाळीस सेंट गेले. म्हणजे नुसती हवा कळून भागत नाही. भाव लावणाऱ्यांना जेवढी कळली आहे त्याहून जास्त कळावी लागते. त्यांच्याकडे हवेचा अंदाज काढणारं अमेरिकी मॉडेल आहे, युरोपी मॉडेल आहे, दर तासाला नव्याने चालणारं तीन किलोमीटर जाळीचं एचआरआरआर नावाचं मॉडेल आहे, आणि हे सगळं वाचायला माणूस नाही, प्रोग्राम बसवलेला आहे. 'मे महिन्यात लेकजवळ गार असतं' एवढंच तुम्हाला ठाऊक असेल तर ते भावात कालच धरलेलं असतं.

(इथे सगळे मराठी लोक मिशिगन सरोवराला 'लेक'च म्हणतात. रत्नागिरीच्या आत्याला फोनवर 'लेकीकडून वारं येतंय' असं ऐकू गेलं होतं. मला मुलगी नाही.)

दुसरं म्हणजे सौदा शहराच्या तापमानाचा नसतोच. तो मिडवे विमानतळावरच्या एका तापमापकाचा असतो. टीव्हीवर 'आज शिकागोत कमाल इतकं' म्हणतात ते ओहेअर या दुसऱ्या विमानतळाचं, कारण १९८० पासून शहराची अधिकृत नोंद तिथली धरतात. १३ जुलै १९९५ ला, शेकडो माणसं दगावली त्या उष्णतेच्या लाटेत, ओहेअरला १०४ होतं आणि मिडवेला १०६. दोन अंश म्हणजे या बाजारात अख्खा एक कप्पा. तुमच्या फोनमधलं ॲप तिसराच आकडा दाखवतं, त्याकडे बघूच नका.

मुंबईकराला हे समजावून सांगावं लागत नाही. मी गिरगावातली. कुलाबा आणि सांताक्रूझ हे दोन आकडे वेगळे का येतात हे आमच्याकडे चहाबरोबर ठरायचं. मार्चमध्ये पूर्वेचा वारा जोरात असला की खारं वारं दुपारपर्यंत समुद्रावरच अडून बसतं आणि सांताक्रूझचा पारा चढत जातो. २८ मार्च १९५६ ला तो ४१.७ सेल्सिअसवर गेला होता. शिकागोत सगळं तेच, फक्त दिशा उलट: पाणी पूर्वेला, तापलेली जमीन पश्चिमेला, आणि वाट अडवणारा वारा नैऋत्येचा. मे महिन्यात लेकचं पाणी ४५–५० फॅरेनहाइटच्या आसपास असतं, म्हणजे जवळजवळ फ्रिजमधलं. जमीन ऐंशीवर गेली की ते गार वारं आत सरकायला लागतं आणि जिथे पोचतं तिथे दहा-वीस अंश उतरतात, कधी कधी सिग्नल सुटायच्या आत.

माझी जमेची बाजू एवढीच की मी ६३व्या रस्त्याच्या पूर्व टोकाला राहते, बीचपासून चालत दहा मिनिटांवर, आणि नोकरी त्याच रस्त्याच्या पश्चिमेला, मिडवेच्या पलीकडे. बीच ते विमानतळ सरळ रेषेत तेरा-एक किलोमीटर. दुपारची पाळी असल्यामुळे मी पाऊण वाजता निघते, म्हणजे नेमकं ज्या वेळी लेकचं वारं आत चालत असतं त्याच वेळी आणि त्याच दिशेने मीही चाललेली असते. घरून निघताना स्वेटर, पोचेपर्यंत घाम. स्वेटर कोणत्या चौकात काढावासा वाटला ते मी लक्षात ठेवायला लागले आणि तिथून हा नाद सुरू झाला.

गेल्या मे महिन्यातला एक दिवस सांगते. अंदाज ८४ चा. सकाळी नैऋत्येचं हलकं वारं. सव्वाबाराला बीचवर ६१, मिडवेला ७९. ८४–८५ चा भाव ४६ सेंट, '८१ किंवा कमी' फक्त १४ सेंट. मी काच खाली करून निघाले. डॅन रायन महामार्गाच्या पुलावरही गारच होतं, आणि ते वारं थांबल्यासारखं वाटत नव्हतं, झाडं चांगली हलत होती. वेस्टर्न अव्हेन्यूच्या थोडं अलीकडे उकडायला लागलं. म्हणजे अर्ध्याहून जास्त वाट ते चालून आलं होतं आणि तापमान चढायला अजून दोन-तीन तास बाकी होते. गाडी लावली आणि '८१ किंवा कमी'चे पन्नास सौदे घेतले, ७ डॉलरचे. १ वाजून ३५ मिनिटांनी मिडवेवर वारा ईशान्येकडून यायला लागला. पारा ८१ वर थांबला तो थांबलाच.

हे वाचून लगेच खातं उघडू नका. त्याच महिन्यात तीन वेळा ते वारं वेस्टर्नपाशी येऊन दिवसभर तिथेच रेंगाळलं आणि मिडवे आरामात ८५ वर गेलं. एकदा तर वारं पोचलं, पारा उतरला, मी खूश झाले, आणि पाचच्या सुमाराला नैऋत्येच्या वाऱ्याने त्याला परत ढकलून दिलं. यातली खरी गोष्ट वेळेची आहे. लेकचं वारं साडेचारला पोचलं तर काही उपयोग नाही, कमाल आधीच होऊन गेलेली असते. दहालाच पोचलं तर सगळ्यांना दिसतं आणि भाव पडलेला असतो. साधारण बारा ते अडीच एवढीच फट, तीही एप्रिल ते जून, तीही वारा मंद असेल तेव्हा. नैऋत्येचा वारा ताशी वीस मैलांचा असेल तर लेकचं काही चालत नाही. मला जे काचेतून कळतं ते रडारवरही बारीक रेघेसारखं दिसतं, आणि बीचवरच्या केंद्रांचे आकडे कोणालाही फुकट मिळतात. उद्या एखाद्या प्रोग्रामला ती रेघ नीट वाचता आली की माझी ही फट बुजली.

हवेपेक्षा नियमांनी मला जास्त बुडवलं आहे. सौदा मिटतो तो राष्ट्रीय हवामान सेवेच्या दैनिक हवामान अहवालावर, आणि त्या अहवालाचा दिवस वर्षभर प्रमाणवेळेने चालतो. उन्हाळ्यात आपण घड्याळं तासभर पुढे करतो, ते करत नाहीत. म्हणजे आपल्या घड्याळाने त्यांचा दिवस रात्री एकला सुरू होतो. एप्रिलमध्ये एकदा कामावरून घरी येऊन बघते तो बारा वाजून दहा मिनिटं, बाहेर ६६, आणि पुढच्या दिवसाचा अंदाज जेमतेम ५०, कारण पहाटेच्या आत थंड हवा शिरणार होती. मी म्हटलं, नव्या दिवसाची कमाल तर आत्ताच होऊन गेली! तरी '६२ किंवा जास्त' अजून १९ सेंटला पडून आहे, लोक झोपलेत. दोनशे घेतले. पाऊण वाजता गार वारा सुटला आणि एकच्या ठोक्याला मिडवेवर ५७ होतं. ते ६६ कालच्या खात्यात जमा झालं. लोक झोपले नव्हते, त्यांनी नियम वाचला होता. ३८ डॉलर गेले आणि नवऱ्याला मी ते संक्रांतीला सांगितलं, तिळगूळ हातात दिल्यावर.

मात्र हीच गोष्ट नीट वापरली तर हिवाळ्यात कामाला येते. थंड हवेची लाट सकाळी यायची असेल तर दिवसाची कमाल मध्यरात्री लागून जाते, आणि नवखे लोक 'उद्या दुपारी २८' हा अंदाज वाचून २८ चा कप्पा घेत बसतात. तेव्हा घड्याळंही जुळलेली असतात.

अंशांच्या गोळाबेरजेचाही एक सापळा आहे. विमानतळाचे पाच-पाच मिनिटांचे आकडे पूर्ण सेल्सिअसमध्ये येतात. २९ दिसलं म्हणजे खरं तापमान ८४ फॅरेनहाइट असू शकतं किंवा ८५. कप्पे ८३–८४ आणि ८५–८६ असे पडले असतील तर त्या २९ वरून काहीच ठरत नाही. संकेतस्थळं मात्र त्याचं ८४.२ करून दाखवतात आणि लोक त्या दशांशावर विश्वास ठेवतात. तासाच्या नोंदीत दशांश खरा असतो, पण पारा मधल्या वेळात चढून उतरला तर तो तिथे सापडत नाही. सहा तासांची कमाल त्यांच्या नोंदीत वेगळी येते. उन्हाळ्यात ती संध्याकाळी सातच्या आत मिळते, तिची वाट बघायची.

बाकीच्या शहरांबद्दल मी फार बोलू नये. न्यूयॉर्कचा तापमापक सेंट्रल पार्कात झाडांमध्ये आहे, उन्हाळ्यात तो ला गार्डिया विमानतळापेक्षा गार राहतो. लॉस एंजेलिसला जूनमध्ये समुद्रावरचे ढग किती वाजता फाटतात यावर दिवस ठरतो. तिथे राहणाऱ्याला हे माझ्यापेक्षा बारकाईने कळेल आणि मी त्याच्याविरुद्ध पैसे लावणार नाही.

फी भाव मधोमध असताना सगळ्यात जास्त लागते, पन्नास सेंटच्या आसपास, आणि टोकांना कमी. हवामानाचे सौदे म्हणजे काही कालची टूम आहे असंही नाही. याच शहरातल्या मर्कंटाइल एक्स्चेंजवर ते १९९९ पासून होतात, पण ते वीज आणि गॅस कंपन्यांच्या कामाचे. थंडी कमी पडली की त्यांचा गॅस खपत नाही, म्हणून ते विम्यासारखा सौदा करतात. आपण करतो ती हौस आहे.

तुमच्या भारतातल्या भावाला मात्र नाही म्हणून सांगा. ऑगस्ट २०२५ मध्ये भारतात जो कायदा झाला त्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. आणि मुंबईत पावसावर पैज लावणं हे जुनंच दुखणं आहे. मुंबईच्या १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात पावसाचा उल्लेख उगाच नाही आलेला.

तुम्हाला करूनच बघायचं असेल तर एक महिना पैसे न लावता वही ठेवा: सकाळी नऊला तुम्ही कोणता कप्पा किती सेंटला घेतला असता, आणि दुसऱ्या दिवशी अहवालात काय आलं. माझ्या पहिल्या महिन्याच्या वहीत मी ६० डॉलर खाली होते.

उद्या अंदाज ८८ चा आहे, वारा दक्षिण-नैऋत्येचा, ताशी पंचवीस मैल. लेकचं वारं आत येण्याचा प्रश्नच नाही, म्हणजे माझ्याकडेही इतरांपेक्षा जास्त असं काही नाही. उद्या मी हात लावणार नाही. स्वेटरही नेणार नाही.